मनुबाईंची रांगोळी आणि यूएसबीचा माऊस

गुंडा हवालदारांना "हे तुम्हाला जमायचं नाही" असं म्हणायची चूक सांगलीच्या विश्रामबागेत सहसा कोणी करत नसे. एकदा म्हटलं, की ते जमेपर्यंत हा माणूस जेवत नसे आणि घरच्यांनाही जेवू देत नसे. बावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये वायरलेस सांभाळून घरी आलेला गडी. रेडिओ असो की शेजारणीचं शिलाई मशीन, उघडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते परत बंद होईल याचा मात्र कधीच भरवसा नव्हता.

संगणक त्यांच्या घरी आला तो भाच्यामुळं. साईराज बंगळूरला नोकरीला होता. त्यानं आपलं जुनं मशीन मामाकडे आणून टाकलं आणि त्यावर लिनक्स घालून दिलं. गल्लीत दोघातिघांकडे विंडोज होतं, पण हवालदारांना लिनक्सच पटलं. "ह्ये काय बिघडलं त्ये लिवून सांगतंय गड्या," ते सांगायचे. "त्ये दुसरं नुसतंच निळं त्वांड करून बसतंय."

नव्व्याण्णव सालच्या श्रावणात त्यांची बायको मनुबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, हात हलायला लागला, पण अंगठा काही बोटाला टेकेना. चिमूट जमेना. दुसऱ्या कोणाचं एवढ्यावर अडलं नसतं, पण मनुबाईंची रांगोळी बघायला दिवाळीत पलीकडच्या कॉलनीतून बाया यायच्या. तीस वर्षांत दिवाळीला त्यांचं दार एकदाही मोकळं राहिलं नव्हतं.

"यंदा म्या खंडाळ्याला जालिंदरकडं जाणार," त्यांनी जाहीर केलं. जालिंदर हा त्यांचा धाकटा भाऊ. "हितं मोकळी फरशी बगत बसू व्हय?"

नोकरीतल्या बहुतेक दिवाळ्या हवालदारांनी बर्फात नाहीतर वाळूत काढलेल्या. आता कुठं घरची दिवाळी मिळायला लागली होती, आणि मनुबाई नसेल तर ती दिवाळी कसली? विचार करता करता त्यांना सुचलं, की संगणकावर चित्रं काढायची सोय आहे आणि माऊसला चिमूट लागत नाही. तळव्याखाली धरायचा आणि सरकवायचा.

घरातला माऊस पावसाळ्यातच बंद पडला होता. खंडेनवमीला साईराज आला तो नवा यूएसबीचा माऊस घेऊन. चांगला गुबगुबीत होता, मनुबाईंच्या तळव्यात नेमका बसला. आल्या आल्या तोही पक्कड, विळा आणि डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नच्या शेजारी पाटावर गेला. मनुबाईंनी डाव्या हातानं का होईना, सगळ्या हत्यारांना ओलं हळद-कुंकू लावून पूजा केली. निघताना साईराज म्हणाला, "मामा, लिनक्सला हा अजून ओळखता येत न्हाई. त्याचा गाभा, म्हंजे मूळ प्रोग्रामच, नव्यानं बांधावा लागंल. तुमाला जमायचं न्हाई, पुढच्या खेपंला मीच बघतो."

झालं. घरातल्या जेवणाच्या वेळा बिघडल्या.

साईराजनं ठेवलेली सीडी आणि छापील कागदांची चळत घेऊन हवालदार बसले. गाभ्यात काय काय घालायचं याच्या शेकडो प्रश्नांना कुठं 'हो' आणि कुठं 'नाही' ते ठरवायचं, मग बांधायला सांगायचं आणि तीन तास पडद्यावरून पळणाऱ्या ओळी बघत राहायचं. पहिल्या वेळी अडीच तास झाले आणि लाईट गेली. दुसऱ्या वेळी गाभा बांधून झाला, पण त्यात यूएसबीच घालायचं राहिलं होतं. तिसऱ्या वेळी सगळं ठीक झालं, तर पुन्हा चालू केलेलं मशीन उठेचना. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी चौथा गाभा झाला आणि मशीन उठलं. हवालदारांनी सवयीप्रमाणं न बघताच मशीनच्या पाठीमागं हात घालून माऊस जोडला आणि पडद्यावर नजर लावली. कुठं काही नाही. प्रत्येक बिघाड लिहून सांगणारं त्यांचं लिनक्स गप्प बसलं होतं.

मनुबाई दारात उभ्या होत्या. "उद्या दुपारच्या गाडीनं जाते म्या."

"आगं, जरा थांब."

"पंधरा दिस थांबले की."

हवालदारांना खरंच रडू यायला लागलं. त्यांनी हिसक्यानं तार उपटली आणि उजेडात धरली. जोडणीचं तोंड पिवळंधमक. आत हळद गच्च बसून वाळली होती, वर कुंकवाचा ठिपका. डाव्या हाताला सवय नव्हती, हळद जरा सढळच पडली होती.

सिग्नलमधला पहिला धडा म्हणजे आधी जोडणी बघायची आणि मग सेटला शिव्या द्यायच्या. हा धडा चुकला म्हणून गुंडा हवालदारांनी कितीतरी रंगरूटांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आता इथं फेऱ्या कोणी मारायच्या? ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण ओरडायचं कोणावर ते ठरेना.

मनुबाईंनी ते पिवळं टोक बघितलं, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि त्यांना हसू फुटलं. "काखेत कळसा अन् गावाला वळसा," कसंबसं म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. श्रावणापासून ही बाई हसली नव्हती. हवालदारही मग मांडी ठोकून हसत सुटले.

जुना टूथब्रश आणि इंजेक्शनच्या आधी लावतात ते स्पिरिट घेऊन त्यांनी हळद काढली आणि माऊस पुन्हा जोडला. पडद्यावर ओळ उमटली: यूएसबीचा माऊस सापडला. एका फाईलमध्ये त्याचा पत्ता लिहायचं तेवढं राहिलं होतं, तेही झालं. मग बाण हलला. वर, खाली, वाटेल तिकडं. हवालदार त्याला नुसते गरागरा फिरवतच बसले.

"सरका," मनुबाई म्हणाल्या.

पहिली रेघ आडवीतिडवी गेली, दुसरी तिच्याहून वाईट. "पुसायला हात मारायचा न्हाई," हवालदारांनी दाखवलं, "ह्ये दाबलं की रेघ माघारी." मनुबाईंनी दिवसभरात शंभरेक रेघा माघारी घेतल्या. जेवणाची आठवण त्या दिवशी दोघांनाही राहिली नाही.

वसुबारसेला संध्याकाळी दारात स्टूल आलं, स्टुलावर मॉनिटर, पडद्यावर गाय-वासरू आणि भोवती ठिपक्यांची वेलबुट्टी. वासराचा एक पाय जरा लांब झाला होता. शेजारच्या सुलाबाईंनी पणती आणून मॉनिटरपुढं ठेवली आणि म्हणाल्या, "ह्यावर कुणाचा पाय पडायची भीती न्हाई बगा." बायांची ही गर्दी जमली. तार जिथं जिथं आडवी येत होती, तिथं तिथं हवालदार पहाऱ्याला उभे.

दुपारची गाडी कधीच गेली होती. मनुबाईंनी नवऱ्याकडून खंडाळ्याचा नंबर फिरवून घेतला.

"जालिंदर, भाऊबीजंला तूच ये हिकडं," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात रांगोळी हाय. ती सोडून कशी येऊ?"