थांबभाऊंची मशीन

कुणी काहीही करायला निघालं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघे, "थांब!" चहाचा कप उचलताना थांब, पंखा लावताना थांब, संगणकाच्या जवळून नुसतं जाताना तर थांबच थांब. अकोल्यात लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करणाऱ्या या माणसाचं खरं नाव फक्त घराच्या पुढच्या खोलीत थाटलेल्या दुकानाच्या पाटीवर होतं. आम्हा सगळ्यांचे ते थांबभाऊ.

एडिटिंगसाठी त्यांना मॅक हवा होता आणि तो झेपणारा नव्हता. मग त्यांनी सुटे भाग जमवून साधा पीसी बांधला आणि त्यात मॅकची प्रणाली बसवली. या जुगाडाला हॅकिंटॉश म्हणतात. काम सोयरीक जुळवण्याइतकं नाजूक. बोर्ड चांगला, ग्राफिक कार्ड चांगलं, पण दोघांचं पटेलच असं नाही. "पोरगी बी सोन्यासारखी, पोरगा बी, पन पत्रिकाच नाई जुळत, त्याले कोन काय करन?" असं म्हणत त्यांनी कितीतरी कार्डं परत केली. एकदाची मशीन चालू झाली, आणि तेव्हापासून त्यांनी, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर, ती कधी बंदच होऊ दिली नाही. अपडेटची सूचना आली की इंटरनेटची वायर उपटत. "चालून राहिलं ना? मंग कावून हात लावतं बे?" हात लावायचाच झाला तर आधी लोखंडी कपाटाला टेकवायचा, अंगातली वीज उतरवायला. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसे आम्ही कपाट शिवून आत जायचो.

माझं लग्न त्यांनीच शूट केलं. त्यानंतर महिन्याभरात माझे बाबा गेले. त्यांचे फोटो आहेत, पण प्रत्येकात ते ओळखपत्रासाठी बसल्यासारखे. चालते-बोलते बाबा होते ते फक्त त्या शूटिंगमध्ये, आणि शूटिंग फक्त त्या मशीनमध्ये. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसली गेली होती. मी अमरावतीहून फोन करायचो, "भाऊ, तेवढं काढून ठेवा ना." ते म्हणायचे, "थांब बाबू, घाईत कापलं तं बिघडते."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी वखरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळी अवजारं पुसून पुजतात. थांबभाऊ दरवर्षी चालत्या मशीनवरच फूल वाहून मोकळे होत. त्या वर्षी वहिनी म्हणाल्या, "वर्षभर राबून राहिली बिचारी, आज तरी तिले आराम द्या." आणि साऱ्या जगाला थांब म्हणणाऱ्या माणसाने बायकोला काही थांब म्हटलं नाही. मशीन बंद केली, प्लग काढला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं, तर पंखे फिरले आणि पडदा काळा.

"बाबू, उठून नाई राहिली," एवढंच ते फोनवर म्हणाले. मिळेल ती एसटी धरली. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मी बाबांचा आवाज आठवून पाहत होतो, आणि तो नीट आठवत नव्हता.

पोहोचलो तेव्हा शेजारच्या मोबाइलवाल्याने मदत म्हणून डिस्क काढून आपल्या विंडोजच्या लॅपटॉपला जोडली होती. मॅकची डिस्क विंडोजला वाचता येत नाही. पडद्यावर प्रश्न आला, फॉरमॅट करायची का? म्हणजे सगळं पुसायचं का. त्याचं बोट 'हो'कडे सरकलं.

"थांब!" थांबभाऊ असे ओरडले की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "हो म्हनाच्या आंधी वाचत जाय ना बे!"

डिस्क परत जागेवर गेली. दुपारपर्यंत त्यांनी रॅम काढली, घातली, कार्ड काढलं, घातलं, दर वेळी कपाटाला हात. चालू करताना एक बटण दाबून धरलं तर बोर्डाच्या सेटिंगचं पान तेवढं उघडत होतं. अखेर तिथल्या तारखेवर त्यांची नजर गेली. ती कित्येक वर्षं मागे गेली होती. बोर्डावर बटणाएवढी एक बॅटरी असते, वीज नसताना सेटिंग लक्षात ठेवणारी. ती कधीच मेली होती. मशीन बंदच होत नसल्यामुळे कुणाला कळलं नव्हतं; प्लग निघाला आणि सगळी सेटिंग पुसली गेली. सणामुळे दुकानं बंद. वहिनींनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून दिला, आणि त्यातली बॅटरी त्याच मापाची निघाली. मग भाऊ एकेक सेटिंग आठवून लावत गेले. रामरक्षा म्हणत असल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. मशीन उठली तेव्हा ते खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

माझ्या लग्नाच्या शूटिंगमधला बाबांचा तुकडा त्यांनी तिथेच लावला. मंडपाच्या दारात बाबा. कॅमेऱ्याकडे पाहून विचारताहेत, "चालू हाये का बे?" कॅमेऱ्यामागून भाऊंचा आवाज, "थांबा काका, थांबा जरा." बाबा टोपी नीट करतात आणि उभे राहतात.

गेल्या वर्षी थांबभाऊही गेले. वहिनींनी मशीन मला दिली. त्या तुकड्याच्या प्रती मी ठिकठिकाणी ठेवल्या आहेत, तरी घरी आणून चालू केल्यापासून मशीन बंद करायचा धीर मला होत नाही. दोघांचीही फार आठवण येते. खंडेनवमीला मी कपाटाला हात लावतो, चालत्या मशीनवर झेंडू वाहतो आणि तो तुकडा लावतो. भाऊ म्हणतात, थांबा काका. आणि बाबा थांबतात.