कढईतलं झटपट डुकराचं मटण
कडकडीत तेलात ढोबळी मिरची आणि डुकराचं मटण पडलं, की त्या वासानं आजही माझे हात गार पडतात. श्रीरामपुरात मी नवी सून होते. सासूबाई हे मटण चुलीवर तासन्‌तास शिजवत. एका संध्याकाळी त्या प्रार्थनेला गेल्या आणि मी शहाणीनं त्याच्या पातळ पट्ट्या कापून गाजर-मिरचीसोबत स्टोव्हवर भराभर परतल्या. सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचे, चाटूनपुसून जेवले आणि डोकं धरून बसले. मटण कच्चं राहिलं तर किडा मेंदूत जातो, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलेलं. माझी अक्कल एवढी, की तो किडा एस.टी. पकडून ताटातून थेट डोक्यात पोचला असंच मला वाटलं. सासूबाई दारात दिसताच मी रडत म्हणाले, "आई, मटण कच्चं राहिलं. मामा आता वाचत न्हाईत." त्यांनी कढईतला एक तुकडा मोडून पाहिला, तोंडात टाकला. "चांगलं शिजलंय की. यांना संध्याकाळचा चहा दिलास का?" घाईत मी तो विसरलेच होते. "मग डोकं दुखंल न्हाई तर काय हुईल? ठेव चहा." आता नातसून हेच परतते, तेव्हा मी आधी नातवाला वाढायला लावते, त्याचा चेहरा नीट न्याहाळते आणि मगच माझं ताट पुढं ओढते.