खालूंचं बाहेरचं घड्याळ

आमच्या खालूंना, म्हणजे माझ्या मावशीच्या नवऱ्याला, अल्लाने सगळं दिलं, फक्त बूड टेकवायची बुद्धी तेवढी द्यायची राहिली. अख्ख्या कोरेगावात त्यांना कुणी निवांत बसलेलं पाहिलं असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याला बिर्याणी घालतो. खालू चहा उभ्याने पितात, पेपर चालत वाचतात आणि दाढी करताना एक गाल आरशापुढे तर दुसरा मोरीपाशी उरकतात. शिरवळच्या कारखान्यात मशिनांची सर्किटं दुरुस्त करायची त्यांची नोकरी. कंपनीच्या बसमध्ये सीट रिकामी असली तरी हे ड्रायव्हरशेजारी उभे, आणि खंबाटकीच्या घाटात गियर कधी टाकायचा ते त्याला सांगणार. त्यात घड्याळाचं वेड. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग माणसांना सलाम. एका लग्नात काझी दुआ मागत होते आणि हे गृहस्थ स्टुलावर चढून हॉलचं घड्याळ मागे करत होते. नवरदेवाच्या बापाने हटकलं तर म्हणाले, "तुमचं चालू द्या, मला जरा काम हाय."

अशा माणसाच्या हाती मोहल्ल्याने सायरन दिला. रमजानमध्ये संध्याकाळी मशिदीवरचा सायरन वाजला की आमच्याकडे रोजा सोडतात. मला कळायला लागल्यापासून त्याचं बटण बांगीचाचाच दाबत आले. मशिदीत अजान देणारे म्हणून ते बांगीचाचा. त्या वर्षी नेमकं रमजानच्या तोंडावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेही मिरजेला, लेकीकडे. चाचांचा पाय निघेना. सायरन मिनिटभर जरी आधी वाजला तरी अख्ख्या मोहल्ल्याचा दिवसभराचा रोजा वाया, आणि ते सगळं आपल्या माथी, ही त्यांची धास्ती. खालूंनी उभ्या उभ्या जाहीर केलं, की चाचांनी बिनघोर जावं, सायरन आता मशीनच वाजवेल. चाचा त्यांच्या भरवशावर गेले.

खालूंनी तळहाताएवढा एक बोर्ड आणला, त्याच्या चिपमध्ये रोजच्या इफ्तारच्या वेळा भरल्या आणि मशिदीच्या पत्र्याखाली ठेवून बघितला. चिपला स्वतःचं असं आतलं एक घड्याळ असतं. पत्रा तापला की ते जे पळत सुटायचं, ते संध्याकाळपर्यंत मिनिटंच्या मिनिटं पुढे. "तुमच्यावरच गेलंय की हे," खाला, म्हणजे माझी मावशी, म्हणाली. यावर उपाय म्हणजे बाहेरून क्रिस्टल लावायचा. अर्ध्या शेंगदाण्याएवढा डबीसारखा तुकडा असतो, तो एका लयीत ठोके देतो आणि चिप त्या ठोक्यांवर चालते. खालूंनी क्रिस्टल आणलाही. पण धीर कुठला? तो जोडायच्या आधीच त्यांनी चिपला बजावून टाकलं, की आतल्या घड्याळाकडे आता ढुंकून बघायचं नाही, फक्त बाहेरच्याचं ऐकायचं. बाहेर तर काहीच नव्हतं. चिप हूं की चूं करेना. मग खालू क्रिस्टल जोडायला धावले, तर तो शर्टाच्या खिशात, आणि शर्ट खालाच्या धुण्यात. खालाने तो दगडावर असा काही आपटला होता, की क्रिस्टल जागच्या जागी गारद. त्याच संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून रोजे.

पुण्याहून नवा क्रिस्टल येईपर्यंत खालूंना स्वतःच बटण दाबायला बसावं लागलं. हो, बसावं. चाचांच्या स्टुलावर, मनगटावरच्या घड्याळाला डोळे लावून, पाय न हलवता. पहिल्या दिवशी मशिदीच्या जिन्यातून त्यांना तसं बघितलं आणि मला हसूच येईना, इतका तो चेहरा घाबरलेला होता. क्रिस्टल आला, जोडला आणि बोर्ड लगेच जागा झाला. "मेला नव्हता गड्या, वाट बघत बसला होता," खालू म्हणाले. पुढे सायरन एकदाही चुकला नाही.

ईदेच्या आधी चाचा काळा चष्मा लावून परत आले. सायरन आपोआप वाजलेला त्यांनी बघितला, खालूंची पाठ थोपटली आणि स्टुलावर बसून विचारलं, "मग आता माझं काय काम रं?" दुसऱ्या दिवशी खालूंनी प्रोग्राम बदलला. आता वेळ झाली की नुसता हिरवा बल्ब लागतो. सायरन मात्र बटण दाबल्याशिवाय वाजत नाही. "आवं चाचा, मशीनला भायेरनं कुणीतरी सांगावं लागतं," एवढंच त्यांनी सांगितलं. चाचा ज्या ऐटीत बटणाकडे सरकले, ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

यंदा चाचा कायमचे मिरजेला गेले. प्रोग्रामातली एक ओळ पुसली की सायरन पुन्हा आपोआप वाजेल, असं मी खालूंना म्हटलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." रोज संध्याकाळी ते त्या स्टुलावर बसतात, कानाला फोन, बोट बटणावर. मिरजेत सूर्य आपल्या जरा आधी बुडतो, त्यामुळे चाचांच्या तोंडात तोवर खजूर असतो. बल्ब लागला की खालू सांगतात, "लागला," आणि तिकडून भरल्या तोंडाने आवाज येतो, "दाब." परवा नेमकी रेंज गेली. बल्ब लागलेला, खालू नुसते हॅलो हॅलो करताहेत, आणि खाली सगळा मोहल्ला हातात खजूर धरून थांबलेला. सायरन उशिरा वाजला. तोवर एकानेही खजूर तोंडात टाकला नाही.