नीरेच्या पलीकडून ऐकणारे मामा

मामा गेल्याची तार आली तेव्हा मी कॉलेजात मुलांना शास्त्रीय निबंध कसा लिहावा ते सांगत होते. तास पुरा केला आणि मगच निघाले. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. सगळं उरकलं आहे असं तारेतच लिहिलं होतं, तेव्हा धावत भोरला जाऊन करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मामांनी ती तार वाचली असती तर त्यातले दोन शब्द नक्की कमी केले असते. आता काही आठवडे झालेत. वर्तमानपत्राच्या पुरवणीचे संपादक म्हणाले, तुमच्या प्रेमळ मामांविषयी लिहा. ते प्रेमळ होते की नाही हे मला आजही नीटसं सांगता येत नाही... पण माझ्या कामाचे होते, एवढं खरं.

मामा मूळचे आंबवड्याचे, शेतकऱ्याघरचे. भोरच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि जवळच्याच धरणाच्या बांधकामावर कारकून म्हणून लागले. काम एकच, साहेबांचे अहवाल लिहायचे. किती भराव झाला, कुठे पाणी झिरपतंय, का झिरपतंय, ते मामा लिहीत, साहेब खाली सही करीत आणि वर मुंबईला तेच वाचूनही दाखवीत. मामांना त्याचं काही वाटत असेल असं आम्हा घरच्यांना कधी वाटलं नाही. स्वतःच्या अक्षराची मात्र त्यांना भारी घमेंड होती, आणि दुसऱ्याच्या लिखाणातली वाक्यं कापताना त्यांचा चेहरा खुलत असे.

मी पुण्याला रसायनशास्त्र शिकत होते. भोरकडच्या पालीच्या वरच्या डोंगरातले धनगर हिरडा वेचतात, तो पुढे कातडी कमावायला जातो. वेचल्याबरोबर वाळवलेल्या हिरड्याचा कस टिकतो आणि दवात पडून राहिलेल्याचा उतरतो, हे मी प्रयोगशाळेत वर्षभर पातेली काळी करून दाखवलं होतं. त्यावरचा निबंध विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या संमेलनात वाचायचा होता. तो पसंत पडला तर प्रयोगशाळेत पुढच्या संशोधनाची जागा मिळणार होती. नाही पडला तर भोंगवलीला घरी परत... तिथे वडिलांनी दोन स्थळं बघूनच ठेवली होती.

निबंध घेऊन मी सुट्टीत भोरला मामांकडे गेले. आमच्याकडे कुणी काही सांगायला उभं राहिलं की कीर्तनाला उभं राहिल्यासारखंच राहतं. माझंही तेच झालं होतं. आधी सरस्वतीला वंदन, मग प्राचार्यांना, मग मला शिकवणाऱ्या सरांना, मग वनस्पतिशास्त्राची थोरवी आणि आयुर्वेदाचा इतिहास. हे सगळं इंग्रजीत. मामांनी ओसरीवर बसून, तपकीर ओढत, शांतपणे वाचलं.

"लई छान हाय," ते म्हणाले. "पर हिरडा कुठं हाय?"

"तिसऱ्या पानावर."

"तवर सायेब उठून गेला."

मला राग आला. पण पहिली दोन पानं गेली. शेवटी लिहिलेला निष्कर्ष उचलून त्यांनी सगळ्यात वर आणला. 'भोर संस्थानातील हिरडा' असं मी ऐटीत लिहिलं होतं, त्यावर त्यांनी विचारलं, किती डोंगर फिरलीस? एकच, मी म्हणाले. मग एकच लिही, आणि बाकीच्यांचं मला ठाऊक नाही असंही लिही. त्यानं निबंध दुबळा होतो म्हणून मी पुष्कळ भांडले. ते तसूभर हलले नाहीत. आता सगळंच त्यांचं बरोबर असे असंही नाही. माझं एक चांगलं कोष्टक त्यांनी अडगळ म्हणून काढून टाकलं, ते सरांनी पुण्याहून पत्र लिहून पुन्हा घालायला लावलं, आणि त्यावरून मामा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

त्याच सुट्टीत सरांचं आणखी एक पत्र आलं. मुलींचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही, तेव्हा निबंध वर्गातला एखादा मुलगा वाचील, नाव तुमचंच राहील, असं त्यांनी अगदी सद्भावनेनं कळवलं होतं. मला ते फारसं खटकलंही नव्हतं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. मामांनी पत्र घडी करून परत दिलं आणि म्हणाले, "आवाज पोचत न्हाई, यवढंच ना? चल."

उन्हाळ्यात भोरला नीरा नदीचं पाणी कमी असतं. मामा दगडांवरून पलीकडे गेले, छत्री उघडून बसले आणि मी अलीकडून इंग्रजीत हिरडा वाचायला लागले. ऐकू आलं नाही की ते छत्री मिटायचे आणि मी ते वाक्य पुन्हा वाचायचं. धुणं धुणाऱ्या बायका पहिल्या दिवशी हबकल्याच. "पोरगी सायबाच्या बोलीत कुणाला शिव्या घालतीया वं?" असं एकीनं मामांना ओरडून विचारलं. "हिरड्याला," मामा पलीकडून म्हणाले. पुढे त्या बायकाच मला सांगू लागल्या, ताई, घाई करू नगा, शेवटचा शब्द गिळताय. इंग्रजीचं अक्षर न कळता त्यांना एवढं कळत होतं. सुट्टी संपेपर्यंत छत्री मिटायची थांबली.

संमेलनाला मी सरांना म्हणाले, मीच वाचते. सर जरा चाचरले, मग हो म्हणाले. मामा फेटा बांधून पुण्याला आले आणि शेवटच्या रांगेत बसले. मी वाचलं. एकाही वाक्याचा शेवटचा शब्द गिळला नाही. मुंबईहून आलेले वृद्ध अध्यक्ष पहिल्या वाक्याला सावरून बसले ते शेवटपर्यंत तसेच. मग त्यांनी विचारलं, दुसऱ्या डोंगरांवरही असंच असेल काय? ते मला ठाऊक नाही, मी म्हणाले, आणि निबंधात तसं लिहिलं आहे. सभागृहात कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. आज इतक्यांनी वाचलं, ते म्हणाले, ठाऊक नाही म्हणणारं माणूस हे एकच. जागा मला मिळणार हे तेव्हाच कळलं.

असं लिहायला आणि बोलायला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी शेवटच्या रांगेकडे हात केला. अध्यक्षांनी मामांना उभं राहायला सांगितलं. मामा उभे राहिले. सगळं सभागृह मागे वळलं. आपलं नाव काय, अध्यक्षांनी आदरानं विचारलं. मामांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं...

"मी... हिचा मामा," ते म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. भोरला परतताना मी चिडले होते. एवढ्या लोकांत विचारलं, नाव का नाही सांगितलंत? मामा मोटारीच्या खिडकीतून बाहेर कात्रजचा घाट बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "सवय न्हाई गं."

संमेलनाचा वृत्तांत छापून आला त्यातही 'निबंधवाचिकेचे मामा' एवढंच आलं. माझ्या हातात तेव्हा ते दुरुस्त करण्याजोगं काही नव्हतं. आज हा लेख माझ्या हातात आहे, तेव्हा लिहून ठेवते. त्यांचं नाव केशव धोंडीबा शिंदे.