एक टिचकारी म्हणजे हो

हुलासबाईच्या कानाला वास यायचा. आधी वासाचंच सांगते, कारण त्या घरात माणसांच्या आधी तोच भेटायचा. शहाद्याच्या बाजारपेठेत उत्तमचंदचं कापडाचं दुकान, दुकानामागे चौक, चौकापलीकडे रसोडा, म्हणजे स्वयंपाकघर. आणि रसोड्याच्या उंबऱ्याशी पाटावर बसलेली उत्तमचंदची आई हुलासबाई, साठीच्या पुढची, डाव्या कानात तेलाचा बोळा. बोळ्यात लसूण घालून उकळलेलं तिळाचं तेल, त्यात कडुनिंबाचा रस, त्यात कुणीतरी खात्रीचं म्हणून सांगितलेलं शेळीचं मूत. आतून झिरपणारं पिवळं पाणी ते वेगळंच. बोळा काढला की चौकातल्या माशा जेवायला बोलावल्यासारख्या गोळा व्हायच्या.

तो बोळा रोज सकाळी बदलायचं काम सुनेचं. लाडकंवर तिचं नाव, पण सासरी त्या नावाने कुणी हाक मारत नसे. ती ‘बींदणी’, म्हणजे नवी नवरी. लग्नाला दहा वर्षं झाली, नोजी नावाची सात वर्षांची मुलगी झाली, तरी बींदणीच. हनुवटीच्या खालपर्यंत घुंघट ओढून ती सासूच्या डाव्या अंगाला बसायची, चिमट्याने बोळा ओढायची, फडक्याने कान पुसायची. घुंघटाआड ती श्वास धरून ठेवते, हे फक्त धुणंभांडी करणाऱ्या धनुबाईला माहीत होतं, कारण काम झाल्यावर परसात जाऊन ओकणारी लाडकंवर तिने दोनदा पाहिली होती.

हे सगळं त्या वर्षीच्या होळीपासून सुरू झालं. बाजाराच्या दिवशी लाल फेट्यात सळया खोचलेला एक कानातला मळ काढणारा पेठेत आला होता. हुलासबाईला तेव्हा कानात नुसता दडा बसल्यासारखा वाटत होता. उत्तमचंदने त्याला चौकात बोलावलं. त्या माणसाची नखं काळी, बोटं तेलकट. प्रत्येक कान झाला की सळई धोतराला पुसायचा, आणि त्या धोतराच्या पदराकडे पाहिलं तर आधी होऊन गेलेले सगळे कान मोजता आले असते.

“माजी, हलू नका. आत खडा आहे.”

“खडा? माझ्या कानात?”

“हा पाहा!”

आणि त्याने तळहातावर वाटाण्याएवढा काळा खडा काढून दाखवला. घरच्यांनी आ वासला. असाच खडा त्याने शेजारच्या गल्लीत चौघांच्या कानातून काढला होता, हे धनुबाईने नंतर सांगितलं. खडा त्याच्या बोटांच्या बेचक्यातला होता. सळईने फाटलेला कान मात्र खरा होता. तिसऱ्या दिवशी तो वाहायला लागला.

पण गोष्ट कान वाहण्याची नाही. गोष्ट आहे उत्तराची.

त्या घरात सून सासूसमोर तोंड उघडून बोलत नसे. जीभ टाळूला लावून सोडायची, ‘टच्’. ती टिचकारी. एक टिचकारी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्याहून जास्त काही सांगायचं असेल तर कुणाच्या तरी कानात कुजबुजून निरोप पाठवायचा. हुलासबाईने स्वतः बावीस वर्षं आपल्या सासूला टिचकारीनेच उत्तरं दिली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. “माझा आवाज माझ्या सासूने मरेपर्यंत ऐकला नाही,” असं ती लेण्याचा डबा उघडून दाखवावा तसं सांगायची.

“बींदणी, डाळ भिजवली का?”

टच्.

“डाळ भिजवली का, विचारते मी!”

टच्.

“तोंडात मूग धरलेत का?”

टच् टच्.

“पाहा! पाहा हिचा माज! उभी आहे खांबासारखी, उत्तर नाही!”

धनुबाईने राखेचा हात तसाच धरून मान वर केली. “शेठाणी, ती हां म्हणी ऱ्हायनी ना!”

“तुला ऐकू आलं?”

“हां माय. टच् करं तिनी.”

“आणि मला नाही आलं? तुझं बोलणं ऐकू येतं मला. उत्तमचं येतं. दारावर केळी घेऊन येते त्या गुजरणीचं येतं. एवढ्या सगळ्यांचं येतं आणि हिचंच येत नाही, म्हणजे कान माझे गेले की हिची जीभ गेली?”

बिनतोड होतं ते. नोजी म्हणाली, “दादीसा, मी ऐकलं,” तर तिला आईची चमची म्हणून एक टपली मिळाली.

आणि मग त्या दिवशी, सगळ्यांसमोर, सुनेच्याही समोर, हुलासबाईने मुलाला सांगितलं, “अखातीजेच्या आत हिला पीहरला पोचवून ये. जिला सासूला हो-नाही करायचा कंटाळा, ती माझ्या चौकात नको. नोजी आपली आहे. ती राहील.”

पीहर, म्हणजे तिचं माहेर, होतं मारवाडात, फलोदीच्या बाजूला. त्या घरातून अशी एक सून पूर्वी पोचवली गेली होती, उत्तमचंदची काकी. तिला परत आणायला कुणी गेलं नाही. तिचं पितळी पानदान अजून माळ्यावर होतं आणि त्यात आता खिळे ठेवायचे.

उत्तमचंद म्हणाला, “माजी, आधी कानाचं पाहू. नंदुरबारला एक पारशी डॉक्टर आहे.”

“कान वाहतो त्याचं औषध आण. ऐकू येतं मला.”

“तेच डॉक्टरला सांगू.”

हुलासबाईने डोळे बारीक केले. मग ती एकदम खूश झाली. “चल! त्याच्याकडून लिहूनच आणू. हुलासबाईचे कान शाबूत आहेत म्हणून. मग हिच्या बापाला तो कागदच पाठव.”

चैत्र संपत आला होता, अखातीज म्हणजे अक्षय्य तृतीया तोंडावर होती. गाडी जुंपली. पुढे उत्तमचंद, मागे हुलासबाई, आणि वाटेत बोळा बदलायला हवा म्हणून लाडकंवर. जिला हाकलायचं तिच्याच हाताने कान पुसून घेत ती म्हातारी प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडून गेली. पाणी गुडघाभरच होतं. बैल मध्येच थांबून प्यायले. ऊन असं की तेलाचा वास गाडीच्या छपराखाली चिकटून बसला. हुलासबाई वाटभर सुनेच्या दोषांची यादी सुनेला ऐकवत होती आणि मधून मधून म्हणत होती, “जरा जपून पूस, दुखतं.”

डॉक्टर टक्कल पडलेला, गुजराती बोलणारा, बोलण्यात साखर आणि हातात चिमटा. त्याने बोळा काढला आणि तोंड वाकडं केलं. लपवलं नाही, हे मला त्याचं आवडतं. पांढऱ्या थाळीत त्याने एकेक जिन्नस काढून ठेवला: कुजलेला कापूस, लसणीचा तुकडा, पानाचा काळा चोथा, आणि शेवटी पाय आत मुडपलेली एक माशी.

“माजी, कान आहे की उकिरडा?”

“घरगुती औषध आहे,” हुलासबाई म्हणाली.

“माशीपण घरचीच ना?”

ओटीवर थांबलेल्या लाडकंवरचे खांदे हलले. हसण्याने की उमाळ्याने, घुंघटामुळे कळलं नाही.

डॉक्टर हुलासबाईच्या समोर खुर्ची ओढून बसला. “नाव काय? मुलं किती? शहाद्याहून कधी निघालात?” हुलासबाईने फाडफाड उत्तरं दिली आणि मुलाकडे वळून म्हणाली, “लिहून घे याच्याकडून.”

डॉक्टरने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, तोंडासमोर धरलं, आणि त्याच आवाजात विचारलं, “सकाळी काय जेवलात?”

हुलासबाई वाट पाहत बसली.

“माजी, सकाळी काय जेवलात?”

ती पाहत होती, वर्तमानपत्राकडे. त्यावर साबणाची जाहिरात होती. शेवटी चिडून म्हणाली, “विचार ना बाबा काय विचारायचं ते!”

वर्तमानपत्र खाली आलं. डॉक्टर उत्तमचंदला म्हणाला, “घरात कुणाचं बोलणं माजींना ऐकू येत नाही?”

“माझ्या... घरच्या माणसाचं.”

“तोंड झाकते?”

“झाकणारच ना साहेब.”

“बोलवा तिला. माजी, हिला काहीतरी विचारा.”

हुलासबाईने घसा साफ केला. हाच तो प्रसंग, असं तिच्या पाठीच्या कण्यावरून दिसत होतं. “बींदणी, बैलांना वैरण टाकली का?”

टच्.

डॉक्टरने ऐकली. दारातल्या कंपाउंडरने मलमाची डबी पुसता पुसता मान वर केली, त्यानेही ऐकली.

“पाहा,” हुलासबाई विजयाने म्हणाली. “पाहा साहेब. देते का उत्तर?”

मग हुलासबाईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. डॉक्टर, कंपाउंडर, आणि शेवटी मुलगा. उत्तमचंद पायाचा अंगठा फरशीवर घासत होता.

“उत्तम, तिने दिलं उत्तर?”

“हो, माजी.”

“आत्ता?”

“हो.”

“आणि घरी? त्या डाळीच्या दिवशी?”

“रोजच द्यायची, माजी.”

“तुला ऐकू यायचं?”

“यायचं.”

“मग तोंड शिवलं होतं का तुझं?”

“तुमच्यासमोर तिची बाजू कशी घेणार? बरं दिसलं असतं का?”

पाहा हा मर्द. बायकोची प्रत्येक टिचकारी याला दहा वर्षं ऐकू येत होती. तिची ट्रंक बांधायला काढली तीही यानेच, झटकून, स्वच्छ पुसून. बरं दिसावं म्हणून. त्या थाळीतली माशीही गप्प होती, पण ती तरी मेलेली होती.

डॉक्टरने मग समजावलं. “कान वाहायचा थांबेल. कोरडा ठेवा, तेलाचा थेंबही नको. पण गेलेलं ऐकणं परत येणार नाही, दोन्ही कानांचं. वयाने बारीक, टोकदार आवाज आधी जातात. तुम्ही आता कानाने थोडं आणि डोळ्याने जास्त ऐकता, माजी. समोरच्याचे ओठ वाचता. समोर बसून, तोंड दाखवून, सावकाश बोललं तर तुमचं काही अडणार नाही.”

“म्हणजे घुंघट?”

“घुंघटावर मी औषध देत नाही,” डॉक्टर म्हणाला.

परतीच्या वाटेवर यादी संपली होती. तापीत बैल पुन्हा थांबले. हुलासबाईने पाण्याकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या लाल ओढणीच्या गाठोड्याकडे. बावीस वर्षं तीही असंच गाठोडं होती. सासूच्या शेवटच्या वर्षांत सासू तिच्यावरही अशीच ओरडायची, “मुकी झालीस का?” तेव्हा हुलासबाई टिचकारीवर टिचकारी देत राहायची आणि मनात म्हणायची, म्हातारी दुष्ट आहे. दुष्ट तर होतीच. पण बहिरीही होती, हे हुलासबाईला आज, नदीच्या मध्यावर कळलं. तिने पदर नाकाला लावला. वास तिचा तिलाच येत होता बहुतेक.

घरी चौकात ट्रंक तशीच होती, दोरी बांधलेली. धनुबाई पायांवर पाणी घालायला आली.

“काय म्हणना डागतर, शेठाणी?”

“तू जरा बाजूला हो. बींदणी, इथे बस. समोर.”

लाडकंवर बसली.

“घुंघट काढ.”

लाडकंवर हलली नाही. घुंघटाच्या आत काहीतरी झालं असावं, कारण धनुबाई म्हणाली, “दोनदा करं. नई म्हणी ऱ्हायनी.”

“मला दिसलं नाही, म्हणून मला ऐकू आलं नाही,” हुलासबाई म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तिने ती ओढणी वर केली.

दहा वर्षांत तिने हा चेहरा असा, समोरून, दिवसाउजेडी पाहिला नव्हता. मुलगी आणली होती, ही बाई निघाली. कानशिलावर दोन पांढरे केस, ओठांना चिरा, आणि डोळ्यांत लाज नाही, भीती नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना मुरड पडलेली. किळस. घाणीकडे पाहावं तशी ती सासूकडे पाहत होती.

“बोल,” हुलासबाई म्हणाली.

“वास येतो,” लाडकंवर म्हणाली.

“काय?”

“तुमच्या कानाचा. रोज. मी जेवू शकत नाही.”

धनुबाईने पदर तोंडात कोंबला. दुकानाच्या दारात आलेला उत्तमचंद आल्या पावली आत वळला.

“आणखी?”

“मी हो म्हणत होते. रोज. तुम्ही विचाराल त्याला हो म्हणत होते.”

“आणखी?”

“ट्रंक सोडू नका. अखातीजेला मी जाणार आहे. नोजीला घेऊन. तुम्ही पोचवायची नाही, मी जाणार. परत यायचं की नाही ते तिथून कळवीन.”

हुलासबाईला शब्दन् शब्द कळला. इतकं स्वच्छ तिने कित्येक वर्षांत काही ऐकलं नव्हतं. तरी ती म्हणाली, “पुन्हा बोल.”

लाडकंवर पुन्हा बोलली. तेच, तितक्याच सावकाश.

“आणि तोवर माझा कान कोण पुसणार?”

“तुमचे हात आहेत.”

चिमटा आणि फडकं दोघींच्या मध्ये होतं. हुलासबाईने डॉक्टरने घातलेला कापूस चाचपडत ओढून काढला, नाकाशी नेला, आणि तिचा सगळा चेहरा मुठीसारखा आवळला. “शी,” ती म्हणाली. “शी, शी.”

“मी जाणार ते ऐकू आलं का, सासूजी?” लाडकंवरने विचारलं. ओढणी तिने अजून खाली घेतली नव्हती.

हुलासबाईने कापूस राखेत टाकला, हात लुगड्याला पुसला, जीभ टाळूला लावली आणि सोडली. एकदाच. तो आवाज झाला की नाही हे तिला स्वतःला कळलं नाही. ती सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिली, पोचला का ते बघायला.