मागून आणलेला शालू

आमच्या नाटक मंडळीत राजे आले आणि गेले. सरदारभाई मात्र एकच. ते कपडेपट सांभाळायचे. मी तेव्हा बायकांच्या भूमिका करायचो, त्यामुळे माझं सगळं रूप त्यांच्या हातचं. निऱ्या घालताना तोंडात टाचण्या धरून म्हणायचे, "हलू नका बाईसाहेब, न्हाईतर दुसऱ्या अंकात नेसणं सुटंल आन् लोक खूश होतील."

मंडळी गरीब. राणीचा शालू विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मुक्काम पडेल त्या गावच्या चांगल्या घरांतून मागून आणायचा रिवाज होता. निजामाच्या राज्यात लातूरपासून बिलोलीपर्यंत फिरताना हे काम सरदारभाईंचं. खेळ झाला की शालू सावलीत वाळवायचा, जुन्या घडीवर घडी पाडायची आणि आपल्या हातानं परत द्यायचा. त्यांच्याकडून कुणी कधी चिठ्ठी लिहून घेतली नाही.

उदगीरला गुरुपादप्पा आडत्यांचं घर होतं. त्यांची बायको गुरम्मा आपला लग्नातला मोतिया शालू माझ्यासाठी द्यायची. तो माजघरातल्या ज्वारीच्या कणगीत, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलेला असायचा. सरदारभाईंसमोर कणगीत हात घालायला ती कधी कचरली नाही. ते तिला अक्का म्हणत.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात सरदारभाई खाकी कपडे चढवून रझाकारांत गेले. आम्ही चेष्टा केली, "भाई, हा कुठल्या नाटकाचा पोशाख?" ते हसले नाहीत. पावसाळ्यात त्यांच्या तुकडीनं आडत्यांचं घर लुटलं. बाकीचं घर उचकलंच नाही. सरळ माजघरात, सरळ कणगीशी. गुरुपादप्पा आडवे आले, तर बंदुकीच्या दस्त्यानं त्यांचा उजवा खांदा मोडला.

मग फौज आली, निजामाचे दिवस भरले. सरदारभाईंना धरून नांदेडकडच्या एका छावणीत, तारेच्या कुंपणाआड ठेवलं. तिथं त्यांना बाजेच्या नवारीच्या पट्ट्या विणायला शिकवलं. वर्ष उलटल्यावर चौकशी झाली. जबरदस्तीनं सामील झालो असं ज्यांनी सांगितलं आणि ज्यांना कुणी जामीन मिळाला, ते सुटले. सरदारभाईंना आमचे मालक दत्तोपंत जामीन राहिले. मंडळी असेल त्या गावच्या चौकीवर दर आठवड्याला हजेरी द्यायची, एवढी अट होती.

दत्तोपंतांचं मन मोठं होतं आणि चूकही अस्सल नाटकवाल्याची होती. आम्हाला वाटतं, तीच एंट्री पुन्हा घेतली की तोच प्रवेश पुन्हा उभा राहतो. उदगीरला तंबू ठोकल्यावर ते म्हणाले, "सरदार, पहिल्यासारखा घरोघर जा. गुरम्माबाईंपासून सुरुवात कर. त्यांनी दिलं की सगळं गाव देईल."

"मालक, ते घर नको."

"तेच घर. कुणी विचारलं तर सांग, जबरदस्ती झाली. छावणीत सांगितलंस तेच."

नेसणारा म्हणून मी सोबत गेलो. ओट्यावर गुरुपादप्पा डाव्या हातानं पाणी पीत होते. निम्मं सदऱ्यावर सांडत होतं. गुरम्मा दारात आली.

"अक्का, मंडळी आली हाय," सरदारभाई म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना सुचेना. मी सवयीनं मागून कुजबुजलो, "शालू."

"शालू तर तूच नेलास की," गुरम्मा म्हणाली. "सुनेचा हाय एक. पण कुठं ठेवलाय ते तुला कळू देणार न्हाई."

"गुरम्माबाई, त्यांच्यावर जबरदस्ती झाली होती," मी म्हणालो.

"तू गप रे. तुझं बोलणं तंबूत. ह्याला सांगू दे."

सरदारभाई खाली बघून बोलू लागले. "जबरदस्ती न्हाई झाली अक्का. तुकडीतले बाकीचे गावात नवे होते, कुणाकडं काय हाय ते मला विचारत होते. जन्मभर मी दुसऱ्याचे कपडे घेऊन दारोदार फिरलो. त्या दिवशी पयल्यांदा माणसं माझ्या मागं चालली. लई मोठं वाटलं. कणगी मीच दाखवली."

ओट्यावर फुलपात्र ठेवल्याचा आवाज झाला.

"छावणीत हेच सांगितलंस?" गुरम्मानं विचारलं.

"न्हाई. सुटायचं होतं."

"मग चौकीवर जाऊन सांग. आन् मग ये माझ्या दारात."

दत्तोपंतांनी परोपरीनं समजावलं, "पुन्हा आत टाकतील आणि जामीन म्हणून मलाही ओढतील." सरदारभाईंनी त्यांचे पाय धरले आणि निघाले. मी मागोमाग गेलो. जमादार पान लावत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मियाँ, सरकार छावण्या रिकाम्या करून राहिलं. तुमचा निकाल झालाय. हजेरी लागली, निघा."

"लिहून तरी घ्या साहेब."

"मला त्याची बढती मिळणार हाय का?"

शिपाई हसले. टाळी न पडलेले नट मी पुष्कळ पाहिले. पण कबूल करूनही कुणी घेत नाही, म्हणून एवढं शरमलेलं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

ते तसेच गुरम्माच्या दारात गेले. "अक्का, सांगितलं. घेतलं न्हाई त्यांनी."

"मग ते तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्या मुक्कामात मी राणी साध्या लुगड्यात केली. सरदारभाईंनी पुढं कुठल्याच घरी काही मागितलं नाही. फावल्या वेळात ते लोकांच्या बाजांना नवार विणून द्यायचे. त्या कमाईतून त्यांनी मंडळीसाठी खोट्या जरीचा एक शालू घेतला. रंगभूमी सोडेपर्यंत मी तोच नेसलो.

मात्र उदगीरचा मुक्काम आला की ते आधी त्या दाराशी जायचे. हात रिकामे, मान खाली. गुरम्मा बाहेर यायची, बघायची आणि आत जायची. असं कैक वर्षं चाललं. एकदा आत जाता जाता ती थांबली आणि तिनं विचारलं, "यंदा कोणतं नाटक?"

त्यांनी नाव सांगितलं.

त्या दिवशी माझ्या निऱ्या घालताना त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, पण चेष्टा नव्हती. पहिली घंटा झाल्यावर त्यांनी पडद्याच्या भोकाला डोळा लावून बायकांच्या बाजूला पाहिलं. दुसऱ्या घंटेला पुन्हा पाहिलं. अक्का आली नव्हती.

ते पडद्यापासून बाजूला झाले. माझ्या चांगल्या बसलेल्या निऱ्या त्यांनी मोडल्या आणि पहिल्यापासून घालायला घेतल्या.