अक्काच्या नावाची पेटुनिया

माझ्या बहिणीच्या आठवणीला आज वाळलेला कचरा वाहिलाय.

अक्काला जाऊन वर्ष झालं.

गुलबर्ग्यात आमच्या कॉलनीचं गार्डन आहे. मधे कारंजं, फरशीच्या सरळ वाटा, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या मोठ्या कुंड्या. रिटायर झाल्यावर अक्काने त्या कुंड्या अंगावर घेतल्या.

दरवर्षी शिवरात्र झाली की ती हिवाळ्यातली पेटुनिया उपटायची. चांगली फुललेली असतानाच.

लोक हळहळायचे. "अक्का, कामून उपटायलाव? भरून फुललंय की!"

"आज फुललंय. होळीनंतर जळतंय. तवा बघायला तुम्ही येत न्हाई, मलाच यावं लागतंय."

मग वरची माती बदलायची, शेणखत घालायची, सदाफुली आणि ऑफिस टाइमची, उन्हात फुलणारी रोपं लावायची. मे महिन्यात अख्ख्या कॉलनीचा पापड झालेला असायचा आणि कुंड्या गुलाबी.

मागच्या वर्षी हे काम आटोपलं आणि आठवड्याभरात हार्ट अटॅकने गेली.

या हिवाळ्यात कमिटीने तिच्या नावाने पेटुनिया लावली. प्रत्येक कुंडीवर तिचं नाव रंगवलं. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण शिवरात्र गेली. होळी गेली. मी सारखी सांगतेय, आता बदला.

कमिटीचे शरणप्पा अण्णा हात जोडतात. "ताई, अक्काच्या नावाची झाडं हायत ती. उपटायला मन व्हईना."

"अण्णा, अक्का असती तर कवाच उपटली असती!"

"व्हय. पण ती अक्का होती."

कुंड्या तशाच राहिल्या.

आज कार्यक्रम झाला. फोटोला हार, भाषणं, चहा. लोक खरंच रडले. मागे काळी पडलेली पेटुनिया.

कुणीतरी म्हणालं, "झाडांनाबी दुःख झालंय बघा."

दुःख कसलं डोंबलाचं! ऊन लागलंय.

इतका राग आलाय की मला नीट रडूसुद्धा आलं नाही. तुमचं प्रेम आहे हो तिच्यावर, कळतंय मला. पण तिचं एक काम तरी करा!

उद्या सकाळी मी खुरपं घेऊन जाणार आहे. अण्णांना रागवायचं तर रागवू देत.

अक्काला श्रद्धांजली वाहायची असेल त्यांनी या.

फुलं आणू नका. शेणखत आणा.